तीन किलो दोनशे

माझा धाकटा भाऊ वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानाच्या टेबलावरचा इवलासा काटा असो की मालट्रक चढतो तो अवाढव्य काटा, तो खोटं बोलायला लागला की लोक धाकट्याला बोलावतात. दुकान वडिलांचं. ते गेल्यावर कामाची वाटणी आपोआप झाली: धाकटा काम करतो आणि मी बसतो. म्हणजे फोन घेतो, पावत्या फाडतो, काटा खरा असल्याच्या दाखल्यांवर तारखा घालतो आणि मधल्या वेळात वाचतो. मधला वेळ पुष्कळ असतो. लग्नाचं माझं राहून गेलं, त्यामुळे घरीही मधला वेळच.

ही गोष्ट खरं तर धाकट्यानेच सांगायला हवी. तो रंगवून सांगतो. पण त्याने सांगितली तर माझी चूक तो सौम्य करून सांगेल, आणि ते बरं नाही.

धाकट्याचं वजन एकशे चौसष्ट किलो आठशे ग्रॅम होतं. आठशे ग्रॅमसुद्धा सांगायचे, असा आमच्या घरचा शिरस्ता. त्याने आजवर सगळं करून पाहिलं होतं. चालला, पोहला, उपाशी राहिला, एकदा तर सहा महिन्यांत अकरा किलो उतरवले आणि पुढच्या सहा महिन्यांत पंधरा चढवले. साखर वाढली, गुडघे बोलू लागले. झोपेत श्वास थांबायचा म्हणून तोंडावर यंत्राचा मुखवटा लावून झोपायचा. त्यावरही विनोद करायचा. "दादा, मी झोपतो की विमान चालवतो तेच कळत नाही."

शेवटी तो शस्त्रक्रियेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. सोबत त्याची बायको, आणि शेपटासारखा मी. बाई वयाने लहान, बोलायला चटपटीत. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "हा आळस नाही, हा आजार आहे. इतक्या वजनाला शरीर स्वतःच वजन धरून ठेवतं. आपण जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करू. भूक कमी होईल, साखर आटोक्यात येईल. पण जन्मभर थोडं थोडं खायचं, जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, जन्मभर तपासण्या. जादू नाही. कबूल?"

मी पाहिलं तर त्याचे डोळे भरले होते. बाहेर आल्यावर म्हणाला, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला 'कमी खा' म्हणालं नाही." पण बाईंनी एक अट घातली होती. अशा माणसांचं यकृत चरबीने फुगलेलं असतं आणि ते नेमकं जठरावर पसरलेलं असतं. ते आक्रसायला हवं. म्हणून तीन आठवडे फक्त पातळ आहार, रोज साखर तपासायची, औषधं त्या सांगतील तशी, आणि निदान सात किलो उतरवायचे. उतरले तर चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी शस्त्रक्रिया. नाही तर पुढची मोकळी तारीख पाच महिन्यांनी.

"पाच महिने?" भावजय म्हणाली. "बाई, मी अंथरुणात पडून ह्यांचे श्वास मोजते. आणखी पाच महिने मोजत बसू?"

"मग सात किलो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्याबरोबर भावजयीने स्वयंपाकघरातली सगळी भांडी वर ठेवून दिली. ओट्यावर एकच पातेलं उरलं. "ह्या घरात आता सूप शिजेल. भाऊजी, तुम्हालाही."

"मला कशाला? माझं वजन अठ्ठावन्न आहे."

"नैतिक पाठिंबा म्हणून."

मी पाठिंबा दिला. पण खोटं कशाला सांगू, दुकानाच्या मागे स्प्रिंगांच्या खोक्याआड मी बिस्किटांचा पुडा लपवला होता. धाकट्याचं नाक तेव्हा शिकारी कुत्र्यासारखं तीक्ष्ण झालं होतं. मी काउंटरवर परतलो की काट्यात डोकं घातलेल्या अवस्थेतच तो म्हणायचा, "आज लोण्याचं. दोन खाल्लीस." मी म्हणायचो, "एक." तो म्हणायचा, "दादा, दोन." दोनच असायची.

आता वजन करायची पद्धत सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. घरातला काटा एकशे तीसपर्यंतच जायचा, त्यापुढे नुसत्या रेघा दाखवायचा. म्हणून रोज सकाळी दुकानात, पोती तोलायच्या तीनशे किलोच्या काट्यावर वजन. गुडघ्यांमुळे धाकट्याला स्थिर उभं राहता येत नसे, म्हणून काट्यावर खुर्ची. हा काटा सुरू करताना त्यावर जे काही असेल ते तो शून्य धरतो, म्हणजे खुर्चीचं वजन आपोआप वजा. पहिल्या दिवशी हे सगळं धाकट्याने स्वतः केलं. दुसऱ्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. मी आधी जाऊन दुकान उघडायचो, खुर्ची मांडायचो, काटा सुरू करायचो. मग धाकटा येऊन आकड्याकडे पाठ करून बसायचा, कारण आकडा बघितला की त्याची छाती धडधडायची. भावजय आकडा मोठ्याने वाचायची. मी वहीत लिहायचो.

पहिल्या आठवड्याअखेर एकशे एकसष्ट नऊशे. दुसऱ्या, एकशे एकोणसाठ सहाशे. रुग्णालयातल्या आहारवाल्या बाईंनी फोनवर शाबासकी दिली. धाकट्याला तर पंख फुटले. पट्ट्याला नवं भोक पाडलं, तेही दुकानातल्या ड्रिलने. कामावर गाणी म्हणू लागला. एका भुसार व्यापाऱ्याला त्याने सांगून टाकलं, "शेठ, तुमचा काटा आणि मी, दोघं एकदमच सुधारतोय."

एकविसाव्या दिवशी भावजयीने आकडा वाचला आणि तिचा आवाज फाटला. "एकशे सत्तावन्न चारशे!"

सात किलो चारशे ग्रॅम उतरले होते. धाकटा खुर्चीवरून उठला, बायकोला ओढून काट्यावर घेतलं आणि दोघं तिथल्या तिथे नाचू लागली. आकडे वेडेपिसे झाले. काटा किंचाळू लागला. "अहो, तुटेल!" भावजय ओरडत होती आणि नाचत होती. "माझा आहे, मीच दुरुस्त करीन!" मीही हातातलं पुस्तक छातीशी धरून जरासा डुललो. कुणी पाहिलं नाही, असं मला वाटतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सोमवारी, रुग्णालयात शेवटचं वजन. प्रतीक्षालयात आमच्याशेजारी एक बाई बसल्या होत्या. धिप्पाड, खणखणीत आवाजाच्या. शहरातली बस चालवायच्या. त्यांचंही तेच ऑपरेशन, तारीख आजपासून बारा दिवसांनी. त्यांचे किलो उतरून झाले होते. "मी सूप पिऊन पिऊन इतकी वैतागलेय," त्या सांगत होत्या, "परवा एक प्रवासी म्हणाला, बाई, पुढच्या थांब्यावर सोडा. मला ऐकू आलं, टोमॅटो सोडा."

धाकट्याचं नाव पुकारलं. काटा तिथेच, बाकांसमोर होता, कठडे असलेला मोठा. धाकटा कठडा धरून ऐटीत उभा राहिला.

परिचारिकेने आकडा वाचला. "एकशे साठ सहाशे."

"काय?" भावजय म्हणाली.

"एकशे साठ, सहाशे."

सात नाही, चार किलो दोनशे उतरले होते. भावजयीच्या तोंडचं पाणी पळालं. मला कुठे बघावं कळेना. धाकटा मात्र कठड्यावर कोपर टेकून शांतपणे म्हणाला, "ताई, काटा चुकतोय."

"असं इथे रोज म्हणतात," परिचारिका म्हणाली.

"ते नुसतं म्हणतात."

आणि तो काट्यावरून उतरून खाली गुडघ्यांवर बसला. अख्ख्या प्रतीक्षालयासमोर, हळूहळू, एक हात जमिनीला टेकवून. भावजयीने मला चिमटा काढला. गेली चार वर्षं तो गुडघ्यांवर बसला नव्हता. त्याला स्वतःला ते कळलंही नाही. त्याने काट्याच्या कोपऱ्यातल्या काचेच्या नळीत बुडबुडा मधोमध आहे का, म्हणजे काटा समतल आहे का, ते पाहिलं, चारही पाय चाचपले, मग मागे वळून विचारलं, "पाण्याच्या लिटरच्या बाटल्या मिळतील? सीलबंद. चोवीस."

"अहो, हे रुग्णालय आहे!"

पण बसवाल्या बाई तोवर उठल्याही होत्या. स्वागतकक्षाच्या मागे पाण्याचे खोके रचलेले त्यांनी येतानाच पाहिले होते. त्यांनी दोन्ही काखांत एकेक खोका मारला आणि आणून आदळले. खोके फोडून बाटल्या बाहेर काढल्या. "एका बाटलीचं प्लॅस्टिक पंचवीस ग्रॅम धरू," धाकटा म्हणाला. "चोवीस किलो सहाशे यायला हवं."

चोवीस किलो सहाशे आलं. "हं. आता भाराखाली बघू." तो स्वतः काट्यावर चढला. "आकडा?" एकशे साठ सहाशे. "आता माझ्या पायाशी बाटल्या ठेवा." आम्ही सगळे बाटल्या रचायला लागलो, दोन अनोळखी माणसं आणि एक रखवालदारसुद्धा. परिचारिकाही न राहवून पुढे झाली. "एकशे पंचाऐंशी दोनशे," तिने वाचलं, आणि सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली.

धाकटा खाली उतरला. आमच्या दुकानात तो दाखला देतो तसल्या आवाजात म्हणाला, "काटा खरा आहे. मीच खोटा." मग माझ्याकडे वळला. "फरक तीन किलो दोनशेचा. आपला काटा बिघडला तरी दहावीस ग्रॅमनी बिघडतो. तीन किलो दोनशे ही माणसाची चूक आहे. दादा, तू सकाळी काय काय करतोस? करून दाखव."

"इथे?"

"इथे."

मला चारचौघांत शिंकायचीसुद्धा लाज वाटते. पण उठलो. रुग्णालयाची एक खुर्ची घेतली. "अशी खुर्ची काट्यावर मांडतो." मांडली. "मग काटा सुरू करतो." बटणासाठी हात मोकळा हवा म्हणून हातातलं पुस्तक मी खुर्चीवर ठेवलं आणि हवेतलं बटण दाबलं. "मग तुझी पावलं वाजली की पुस्तक उचलतो, पानात खूण घालतो, आणि तू बसतोस."

माझ्या तरीही लक्षात आलं नाही. धाकटा दोन पावलं पुढे आला, पुस्तक उचललं, खुर्ची बाजूला केली आणि पुस्तक एकटंच काट्यावर ठेवलं. जुन्या जहाजांचा सचित्र इतिहास, मोठ्या आकाराचा, जाड पुठ्ठ्याचा.

"तीन किलो दोनशे," परिचारिकेने वाचलं.

पहिल्या आठवड्यात मी एक लहानशी कादंबरी वाचत होतो. दुसऱ्यात एका आरमारी अधिकाऱ्याचं दोन भाग एकत्र बांधलेलं चरित्र. तिसऱ्यात जहाजं. काटा दरवेळी खुर्चीबरोबर पुस्तकही शून्य धरत होता, आणि मी पुस्तक उचललं की तेवढं वजन धाकट्याच्या अंगावरून उतरत होतं. माझी पुस्तकं जाड होत होती तसतसा माझा भाऊ बारीक होत होता.

"म्हणजे हे वाचत होते," बसवाल्या बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही वाळत होतात!"

धाकट्याच्या पोटातून आधी नुसता आवाज आला. मग तो हलायला लागला. मग कठडा धरून इतका हसला की कठडाही हलायला लागला. "ज्ञानकोश!" तो कसंबसं म्हणाला. "दादा, ज्ञानकोश वाचायला घेतला असतास तर... ऑपरेशनची गरजच पडली नसती!" रखवालदार हसत भिंतीला टेकला. परिचारिकेने तोंडावर फाइल धरली. मीही हसलो, लाजेने की कशाने कोण जाणे. पाण्याची एक बाटली गडगडत लिफ्टपर्यंत गेली.

भावजय हसत नव्हती. ती बाकाच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि पदराने नाही की रुमालाने नाही, तळहाताने गाल पुसत होती. आमचं हसू ओसरलं.

एवढ्यात गोंगाट ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. काट्याभोवती बाटल्या पाहून म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

मी आयुष्यात कधी केलं नाही ते केलं, अनोळखी माणसासमोर पुढे होऊन बोललो. "डॉक्टर, चूक माझी आहे. त्याने एक चमचा जास्त प्यायलेला नाही. शिक्षा करायची तर मला करा."

"तुमचं वजन किती?"

"अठ्ठावन्न."

"मग तुम्हाला मी काहीच करू शकत नाही," त्या म्हणाल्या, पण हसल्या, आणि धाकट्याला आत सोनोग्राफीला घेऊन गेल्या. "मला आकड्याशी लग्न लावायचं नाहीये. यकृत काय म्हणतं ते बघू."

वीस मिनिटांनी दोघं बाहेर आली. धाकटा शर्टाची बटणं लावत होता. "आक्रसलंय," बाई भावजयीला म्हणाल्या, "चांगलं आक्रसलंय. पण डावा भाग अजून जाड आहे. तो मला दुर्बिणीतून बघत उचलावा लागतो. जाड असला की फाटतो, रक्त येतं. ह्या शुक्रवारी मी हात लावणार नाही. ह्याच आहारावर आणखी दहाबारा दिवस मिळाले असते तर..." त्यांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. "पण मधल्या सगळ्या तारखा भरल्यात."

"बारा दिवस?" बसवाल्या बाई उठल्या. "डॉक्टर, माझी तारीख बारा दिवसांनीच आहे. माझं यकृत तयार आहे ना?"

"हो."

"भूलवाल्या डॉक्टरांनी परवाच हो म्हटलंय ना?"

"म्हटलंय, पण..."

"मग ह्यांचा शुक्रवार मला द्या, माझी तारीख ह्यांना द्या. उपकार वगैरे काही नाही हं," त्या भावजयीला म्हणाल्या. "मला आणखी बारा दिवस ते सूप प्यायला लागलं तर मी बस कॅन्टीनमध्येच घालीन." आणि तिथल्या तिथे आगारात फोन लावून ओरडल्या, "साहेब, रजा आजपासून! नाही, बस नाही बिघडली, मी बिघडलेय!"

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या, कुणाला तरी फोन केला, दोन कागदांवर सह्या घेतल्या. "पण सात किलो," त्या धाकट्याला म्हणाल्या. "ह्याच काट्यावर. आणि यकृत पुन्हा बघणार."

पुढचे दिवस मोठे कठीण गेले. पंखबिंख काही उरले नव्हते. रोज सकाळी आता धाकटा आकड्याकडे तोंड करून बसायचा, आणि काटा सुरू करताना मी दोन्ही हात वर करून उभा राहायचो, दरोडा पडल्यासारखा. भावजयीचा हुकूम होता. बिस्किटांचा पुडा मी स्वतः नेऊन शेजारच्या दुकानात दिला. कुणी सांगितलं नव्हतं. सूपही खरंखुरं प्यायलो, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी मला कळलं की धाकटा गेले तीन आठवडे काय करत होता. भुकेने बोटं थरथरत असताना तो शंभर मिलिग्रॅमच्या चिमट्याने उचलायच्या वजनांनी सोनाराचा काटा जुळवत होता, आणि गाणी म्हणत होता. मी काउंटरवरून त्याच्याकडे बघत बसलो. मला वाचवेना.

एके दिवशी वजन घटण्याऐवजी तीनशे ग्रॅम वाढलं. भावजयीने आकडा वाचलाच नाही. धाकट्यानेच वाचला. "पाणी आहे," तो म्हणाला. "उद्या जाईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, नाही गेलं तर?"

मी म्हणालो, "चल, चालून येऊ." चाललो. तो दोनदा दम खायला थांबला, मी तीनदा. दुसऱ्या दिवशी पाणी गेलं.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, तोच काटा, तीच परिचारिका. प्रतीक्षालयात नवी माणसं होती, पण रखवालदार मुद्दाम येऊन उभा राहिला. धाकटा काट्यावर चढला. एकशे सत्तावन्न आठशेच्या वर गेलं की संपलं. आकडे फिरले, थांबले.

"एकशे सत्तावन्न सातशे," परिचारिका म्हणाली.

शंभर ग्रॅम! रखवालदाराने टाळी वाजवली. भावजय मटकन खाली बसली आणि या वेळी मोठमोठ्याने हसायला लागली. धाकटा कपाळाला आठी घालून म्हणाला, "बुडबुडा जरा डावीकडे दिसतोय. एकदा तपासून..."

"काट्याला हात लावलात," परिचारिका म्हणाली, "तर मी तुम्हाला आताच भूल देईन."

यकृतही वठणीवर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. आम्ही दोघं बाहेर बसलो. भावजयीचे ओठ हलत होते. मी विचारलं तर म्हणाली, "मोजतेय." काय, ते मी विचारलं नाही. दोन तासांनी डॉक्टरीणबाई टोपी काढत आल्या आणि म्हणाल्या, "यकृत काय सुरेख उचललं गेलं!" असं कौतुक मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

संध्याकाळी त्याला चालवायचं होतं. मी खोलीत गेलो तेव्हा तो उशीला टेकून औषधाच्या पेल्यातून पाण्याचा घोट घेत होता. पोटावर पाच चिकटपट्ट्या. चेहरा पांढरा, पण डोळे जागे. परिचारिकेने बजावलं होतं, हसवायचं नाही, टाके दुखतात. म्हणून मी शक्य तितका गंभीर चेहरा करून पलंगाशी उभा राहिलो. शेवटी विचारलं, "बरं वाटतंय?"

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझ्या रिकाम्या हातांकडे. आणि त्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"नको," भावजय म्हणाली. "अहो, नको."

"दादा, तू... आई गं... तू असा उभा राहू नकोस!"

"मग कसा राहू?"

"आई गं! बोलूही नकोस!"

तो पोटाला उशी दाबून हसत होता, कळवळत होता, पुन्हा हसत होता. परिचारिका धावत आली, माझा दंड धरला आणि मला खोलीबाहेर काढलं. "आजोबा, तुम्ही उद्या या."

मी बाहेर बाकावर बसलो. दार नीट लागलं नव्हतं. आतून ऐकू येत होतं: "हं, उठा... हात माझ्या खांद्यावर... पहिलं पाऊल..." मग धाकट्याचा आवाज, "गेला का तो?" आणि भावजयीचा, "दाराबाहेरच बसलेत." मग "आई गं", आणि पुन्हा ते हसू, आणि चपला फरफटत दाराच्या दिशेने येऊ लागल्या. मी घाईघाईने उठलो आणि माझा चेहरा दिसू नये म्हणून भिंतीकडे वळून उभा राहिलो.